मानाची झूल आणि पट्टेवाले पाय

पोळा जवळ आला की माझ्या टेबलावर बाटल्या यायला लागतात. खोकल्याच्या औषधाच्या, केसांच्या तेलाच्या, होमिओपॅथीच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्यांच्या, एकदा तर अत्तराची. आत गोचीड. स्पिरिटमध्ये बुडवून आणा असं आम्ही सांगून सांगून थकलो, पण खेड्यात स्पिरिट कुठलं? कोणी रॉकेल घालतं, कोणी मिठाचं पाणी, आणि डोईफोडिया गावाकडचा एक गडी मोहाच्या दारूत घालून घेऊन आला होता. त्यातला गोचीड मेला नव्हता, झिंगला असावा. बाटलीच्या काचेवर तो पाय टाकत टाकत चढायचा आणि घसरायचा.

मी डॉक्टर नाही. बुऱ्हाणपुरात जनावरांच्या दवाखान्यामागच्या एका खोलीत मी रक्ताचा थेंब पसरलेल्या काचा, म्हणजे स्लाइड, रंगवते आणि गोचीड ओळखते. सव्वीस वर्षं हेच. घरी नवरा विचारायचा, आज काय आलं होतं, तर मी म्हणायचे, दोन म्हशीचे, एक शेळीचा. शेजारणींना वाटे, मी खाटकाकडे कामाला आहे. माझ्या माहेरी, शाहपूरच्या पुढे केळीच्या बागांत लपलेल्या त्या गावात, मला सरळ ‘गोचीडबाई’ म्हणत. प्रेमानेच म्हणत. पण प्रेमाने मारलेली चापटसुद्धा रोज रोज बसली की दुखते.

लोक बाटलीत नेहमी टम्म फुगलेलाच गोचीड आणतात. करडा, गुळगुळीत, एरंडीच्या बीसारखा. तो पोट भरलेला असतो, जागचा हलत नाही, म्हणून हाताला लागतो. तेवढा उपटला की गडी खूश. पण रक्त पिऊन सुस्तावलेल्या गोचिडाकडे बघून फारसं काही कळत नाही. मी नव्या मुलींना शिकवते, पोटाकडे बघू नका, पोट सगळ्यांचं सारखंच सुटतं. पाय बघा. तोंड बघा. आखूड तोंडाचा, फिक्या पायांचा असेल तर तो एकाच जनावरावर जन्म काढणारा, त्याच्यामुळे लघवी लाल होण्याचा ताप येतो. तपकिरी, लांब तोंडाचा, पळणारा आणि पायांच्या सांध्यांवर पांढरे पट्टे असलेला, तो वेगळा. तो लहानपणी एका जनावराचं पितो, गळून पडतो, गोठ्याच्या भेगेत नाहीतर कुठल्या कापडाच्या घडीत बसून कात टाकतो, आणि मोठा होऊन दुसऱ्याला शोधत निघतो. पहिल्याचा रोग दुसऱ्याकडे असा पोचतो. खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी होते, ताप चढतो, जनावर चारा सोडतं. दोन्ही तापांची इंजेक्शनं वेगळी. एकाचं दुसऱ्याला दिलं तर पाणी दिल्यासारखं.

आणि गंमत अशी की आपल्या निमाडी बैलाला यातलं काही होत नाही. लाल अंगावर पांढरे डाग असलेला तो गडी रोग अंगात बाळगून मजेत वखर ओढतो. मरते ती संकरित गाय. जिच्या दुधावर घर चालतं, ती.

हे सगळं मला चार वर्षांपूर्वीही इतकंच माहीत होतं. म्हणून तर त्या भादव्याबद्दल मला बोलवत नाही. आमच्याकडे पंचांग उत्तरेचं, त्यामुळे पोळा भादव्यात येतो.

आमच्या घरी एक झूल आहे. पणजोबांनी बुऱ्हाणपुरातून करून आणलेली. लाल मखमल, काठाला जर, मधे आरसे आणि कवड्या, आणि आतून घोंगडीचं जाड अस्तर. गावात तिला मानाची झूल म्हणतात. पोळ्याला जी जोडी तोरणाखालून पहिली जाते, तिच्यातल्या उजव्या बैलावर ही झूल असते. या झुलीचे नियम आमच्याकडे पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ असतात. तिला पाणी लावायचं नाही, पाण्याने मान वाहून जातो. फक्त धूप दाखवायचा. बैलाची वस्तू बैलाजवळच राहते, म्हणून ती घरात न्यायची नाही. ज्याच्या जोडीने तोरण ओलांडलं त्याच्या गोठ्यात ती वर्षभर खुंटीला टांगायची. आणि पुढच्या पोळ्याला सकाळी तो ती परत आणणार, ती आधी आमच्या घरच्या जनावरावर चढणार, मग त्या वर्षीच्या मानकऱ्याकडे जाणार. शंभर वर्षांची न धुतलेली घोंगडी वर्षभर बैलांच्या डोक्यावर टांगलेली असते आणि नंतर गावभर फिरते. दुसऱ्या कुठल्या गावात हे चालतं असं मला कोणी सांगितलं असतं, तर मी कपाळावर हात मारला असता. स्वतःच्या गावात मी कुंकवाचं ताट धरून उभी राहत असे.

दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, त्या वर्षी बैल विकले. केळीला ठिबक झालं, ट्रॅक्टर आला, बैलजोडी नुसती बसून खात होती. विकले ते बरोबरच होतं. पण पोळा जवळ आला तसा दादा अस्वस्थ व्हायला लागला. घरी बैल नाही, मग झूल आधी चढणार कशावर? आणि नाही चढली तर मान कोणाचा? सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते मी माझ्या सख्ख्या भावाच्या रूपात बघितलं.

“बैल इकले म्हून मान थोडीच इकला,” तो मला फोनवर म्हणाला. “तू येऊन जाय पोळ्याले. घरचं माणूस पाहिजे.”

मी गेले. शहरात पॉवरलूमच्या खडखडाटात वर्ष काढलेल्या माणसाला भादव्यातलं ते हिरवं गाव गोड लागतंच. केळीची पानं पाण्याने धुऊन लखलखत होती, कपाशीला पिवळी फुलं आली होती, ताप्तीचं पाणी मातकट होऊन काठ चाटत होतं. उन्हाचा चटका आणि मधेच एखादी सर. अंगाला चिकटणारी ती हवा मला अजून आठवते, कारण गोचिडालाही तीच आवडते.

आता सुमनभाभीबद्दल सांगते. ही दादाची बायको, माझी वहिनी. आमच्याकडे वहिनीला भाभीच म्हणतात. तुकईथड गावची. लग्न होऊन आली तेव्हा हिला शब्द कमी आणि काम जास्त. घरात हिचं म्हणून काही नव्हतं, जेवायला बसायची जागासुद्धा नाही, कारण ती कधी बसतच नसे. मग तिच्या माहेरून एक कालवड आली. संकरित, काळी-पांढरी, कबरी. तिचं नावच कबरी पडलं. भाभीने ती वाढवली, तिचं पहिलं वेत झालं, दूध सुरू झालं, आणि भाभी रोज सकाळी बरणी घेऊन डेअरीवर जायला लागली. तिथे तिचं नाव पुकारत, सुमनबाई. पंचवीस वर्षांत गावाने तिला अमक्याची सून, तमक्याची बायको म्हटलं होतं. कबरीमुळे तिला नाव मिळालं. हळूहळू घरातही ती बोलायला लागली, कपाशी कुठं लावायची, पोरीला कुठं शिकवायचं. ‘दुभत्या गाईच्या लाथा गोड’ असं दादा चेष्टेने म्हणायचा, पण ऐकायचा.

आणि त्या कबरीचा गोठा! मी शेकडो गोठे बघितले, असा नाही. फरशी धुतलेली, भिंतीच्या भेगा शेणमातीने लिंपून वर चुना मारलेला, कोपऱ्यात कडुनिंबाचा धूर. भाभी रोज कबरीच्या कानामागे, शेपटीखाली, कासेजवळ बोटं फिरवून बघायची. तिला कोणी शिकवलं नव्हतं. मी एकदा तिथे भिंग घेऊन बसले होते, अर्ध्या तासात मला एक गोचीड सापडला नाही. मी तिला म्हटलं, भाभी, तुमच्यासारख्या बायका झाल्या तर माझी नोकरी जाईल. ती लाजून हसली होती.

पोळ्याच्या सकाळी प्रल्हादभाऊ झूल घेऊन आले. गेल्या वर्षीचा मान त्यांच्या जोडीचा, झूल वर्षभर त्यांच्या गोठ्यात. अंगणात पंधरा-वीस माणसं, ढोलवाले दारात. दादा धोतर नेसून, फेटा बांधून. सगळ्यांना एकच प्रश्न, आता झूल चढणार कशावर.

दादा गोठ्यात गेला आणि कबरीला सोडून घेऊन आला.

“गाईवर झूल?” कोणीतरी म्हणालं. “पहिल्यांदा देखतो बाप्पा.”

“घरचं जनावर म्हटलं हाय,” दादा म्हणाला. “बैलच पाहिजे असं कुठं म्हटलं हाय?”

भाभी दावं धरून उभी होती. कबरी व्यायली त्याला वीस दिवसही झाले नव्हते. “आत्ता त व्याली ती,” भाभी हळूच म्हणाली. “राहू द्या ना.”

“पाच मिनटाचं काम हाय,” दादा म्हणाला.

त्याने झूल उलगडली. धुपाचा वास आणि त्याखाली जुन्या घोंगडीचा, घामाचा, बैलाचा वास. मी ताट घेऊन अगदी जवळ होते, हातभर अंतरावर. अस्तराच्या काठावर, दादाच्या अंगठ्याजवळ, काहीतरी हललं. तपकिरी. चपटं, म्हणजे भुकेलेलं. ते पळत होतं, आणि पायांच्या सांध्यांवर पांढरे पट्टे होते. ऊन थेट त्याच्यावर पडलं होतं. भिंग लागलं नाही, काही लागलं नाही. बावीस वर्षं मी काय केलं होतं मग?

मी बोलले नाही.

कारणं पुष्कळ आहेत, आणि ती मी स्वतःला चार वर्षं सांगते आहे. दादाचा चेहरा इतका उजळला होता. वीस माणसं बघत होती. मी माहेरवाशीण, दोन दिवसांची पाहुणी, सणाच्या दिवशी अंगणात उभी राहून म्हणणार की तुमच्या मानात किडे पडलेत? आणि खरं कारण याहून लाजिरवाणं आहे. मागच्या एका लग्नात पंगतीत मी कच्च्या दुधाबद्दल काहीतरी बोलले होते, आणि सगळी पंगत हसली होती. ‘गोचीडबाई सुटली’ म्हणाले. तेव्हा मी ठरवलं होतं, या गावात पुन्हा दवाखाना काढायचा नाही. एवढ्याशा रुसव्यापायी मी गप्प बसले. हात तेवढा पुढे केला, झूल नीट करण्याच्या मिषाने तो चिमटीत पकडावा म्हणून. पण दादाने तेवढ्यात झटका देऊन झूल कबरीच्या पाठीवर टाकली. आरसे चमकले. ढोल वाजला. मी ओवाळलं.

मान वर केली तेव्हा भाभी माझ्याकडेच बघत होती. मला वाटलं, कौतुकाने बघते आहे.

पाच मिनिटांचं काम पाऊण तास चाललं. फोटो झाले. गाईबरोबर, गाईशिवाय, फेट्यासह, पोरांसह. मग झूल नव्या मानकऱ्याकडे गेली आणि आम्ही पुरणपोळीवर बसलो.

परत आल्यावर मी दिवस मोजायला लागले. माझ्या धंद्यातल्या माणसाला दिवस मोजावेच लागतात. हा ताप आठ दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत कधीही वर येतो. रोज वाटायचं, फोन करावा, म्हणावं, भाभी, कबरीची शेपटी उचलून बघा, कास बघा, पट्टेवाला असेल. मग वाटायचं, एकच तर होता. पडला असेल कुठं. भाभी रोज बघतेच. माणसाला गप्प बसायचं असलं की त्याची अक्कल कशी वकिलासारखी चालते! एकच होता असं मला कोणी सांगितलं होतं? त्या घोंगडीत किती असतील याचा हिशेब माझ्याएवढा कोणाला येत होता?

बाराव्या दिवशी भाभीचा फोन आला. सकाळीच.

“ताई, कबरीनं चारा सोडला. अंग लई तपते.”

मी काय म्हणाले, ते शब्द न् शब्द आठवतं. मी म्हणाले, डॉक्टरांना बोलवा, रक्ताची काच काढून पाठवा, मी लगेच बघते. सगळं नियमाप्रमाणे बरोबर. यात एक वाक्य नव्हतं. ते म्हटलं असतं, तर मी स्वतः औषध घेऊन संध्याकाळच्या बसने निघाले असते, डॉक्टरांना फोनवर सांगितलं असतं की मी गोचीड डोळ्यांनी बघितला आहे, काचेची वाट बघू नका. पण ते वाक्य म्हणजे कबुली होती. बघितला होता तर बोलली का नाहीस, हा पुढचा प्रश्न होता. मी काच मागितली.

त्या दिवसांत डॉक्टर जंगलाकडच्या गावांत लसीकरणाला गेलेले. दादाला वाटलं नजर लागली. पोळ्याला सगळं गाव गाईकडे बघत होतं, नजर लागणारच. मीठ-मिरच्या उतरवल्या, लिंबू ओवाळलं. भाभी म्हणत राहिली की खांद्यापुढं गाठ आली आहे, हात लावून बघा. मग गावातला एक इंजेक्शनवाला आला. त्याने विचारलं, “लघवी लाल हाय का?” नाही म्हटलं तरी त्याने लाल लघवीच्याच तापाचं इंजेक्शन दिलं, कारण त्याच्या पिशवीत तेच होतं. दोन दिवस थांबा म्हणाला. मधले दिवस असे गेले.

चौथ्या दिवशी दादा त्याच इंजेक्शनवाल्याने काढलेली काच घेऊन मोटरसायकलवर आला. वर्तमानपत्रात गुंडाळून, वरच्या खिशात ठेवून. मी ती रंगवली, सुकवली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मला ती बघायची गरज नव्हती. तरी बघितली. तांबड्या पेशींमध्ये जंतूंच्या बारीक बारीक अंगठ्या, इतक्या, की रिकामी पेशी शोधावी लागत होती. दादा दारात उभा राहून फेट्याच्या टोकाने तोंड पुसत होता.

“काय निंगालं?”

मी नाव सांगितलं. तो म्हणाला, “औषध हाय ना याचं?” मी म्हटलं, आहे. ते खरंच होतं. औषध आहे, चांगलं आहे, वेळेवर गेलं तर जनावर उठून उभं राहतं. मी ते मिळवून दिलं, तो घेऊन गेला, डॉक्टर आले, टोचलं. कबरीच्या डोळ्यांचे पडदे तोवर कागदासारखे पांढरे झाले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. ‘बैल गेला आणि झोपा केला’ ही म्हण आम्हा लोकांसाठीच केली असावी. फक्त आमची गाय होती.

तिला केळीच्या बांधाला मीठ घालून पुरलं. मी गेले तेव्हा भाभी गोठा धूत होती. रिकामा गोठा. फरशी, भिंत, गव्हाण, सगळं. पाणी काळं येईना तरी धूत होती. कबरीच्या मागे राहिलेल्या कालवडीला दोन महिने शेळीचं दूध पाजून वाढवलं आणि मग ती भाभीच्या माहेरी पाठवून दिली. भाभी पुन्हा गाय नको म्हणाली. डेअरीवर जाणं थांबलं आणि महिन्याभरात पुन्हा सगळे तिला दादाचंच नाव लावून ओळखायला लागले. घरात ती पुन्हा गप्प झाली. कपाशी कुठं लावायची हे आता दादा एकटा ठरवतो.

कबरी गेली त्याच आठवड्यात, मी अजून गावात असताना, गावाला कारण हवं होतं. गावाबाहेरच्या पडीक रानात एक काठेवाडी बिऱ्हाड होतं, करसनभाई आणि त्यांच्या तीस-चाळीस गाई. वर्षानुवर्षं येणारी, ज्यांच्या गाई खतासाठी शेतात बसवल्या जातात अशी माणसं. पारावर दादा म्हणाला, याच्याच गाईंनी रोग आणला. सगळ्यांना पटलं. बाहेरच्याने आणलं म्हटलं की आपला गोठा न धुता स्वच्छ होतो. करसनभाई हात जोडून म्हणत होते, “मारी गाई तो इधर आईच नहीं, तुम्हारे गोठे में कब आई?” त्यांचं बोलणं बरोबर होतं. प्रल्हादभाऊ माझ्याकडे वळले. “बाई, तू त यातली मानकरी. तूच सांग, होऊ शकते का?”

मी म्हणाले, “होऊ शकतं.”

विज्ञानाच्या दृष्टीने हे खोटं नव्हतं. कशावरूनही काहीही होऊ शकतं. दुसऱ्या दिवशी करसनभाईंचं बिऱ्हाड उठलं. उंटावर खाटा उलट्या बांधलेल्या, एका खाटेत कोंबड्या, मागे गाई. ते पुन्हा आमच्या गावाला आले नाहीत.

मी यानंतर चार वर्षं काम करते आहे. बाटल्या येतात, मी पाय बघते. चिठ्ठीवर नाव लिहिते. लोक म्हणतात, बाई लई हुशार, देखताच वळखते. हो, देखताच ओळखते.

या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी मी माहेरी गेले. काय ठरवून गेले ते नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. झूल अजून तशीच आहे, न धुतलेली. घरी जनावर नाही, तर दादा आता ती आधी ट्रॅक्टरच्या बोनेटवर टाकतो आणि मग पुढे पाठवतो. गाव आधी हसलं, आता तोही रिवाज झाला. ट्रॅक्टरला निदान ताप तरी येत नाही.

भाभी अंगणात पोळ्यासाठी मातीचे बैल रंगवत बसली होती. गोठ्यात ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी. मी तिच्यासमोर बसले आणि सांगून टाकलं. झुलीच्या अस्तरात काय बघितलं, कुठे बघितलं, का बोलले नाही, फोनवर काय लपवलं. तिने हातातल्या बैलाचं शिंग पूर्ण रंगवलं, मग काडी खाली ठेवली.

“मले मालूम हाय, ताई.”

“काय मालूम आहे?”

“मी दावं धरून उभी व्हती. मीबी देखला तो. तुमच्यावानी नाव नाही येत मले, पण तसला मी कबरीच्या आंगावर कधी येऊ देला नाही. सात दिवस मी तिच्या आंगावरून गोचीड काढत व्हती. किती निंगाले, काय सांगू. झूल टाकली तवा तुमच्याकडे देखलं म्या. म्हटलं, ताईनं देखलं, आता ताई बोलतीन. माहं कोण ऐकत व्हतं? तुमचं ऐकलं असतं त्यायनं.”

ती चार वर्षं हे धरून होती. दर दिवाळीला मला फराळ पाठवत होती. मी म्हटलं, “भाभी, मला रागवायचं तरी होतं.”

“तुमाले रागवून काय? करसनभाईले हाकललं, त्या दिवशी म्या पुन्हा वाट देखली. तवाबी तुम्ही होऊ शकते म्हटलं.” ती उठली, पदराला हात पुसले. “मले काहून सांगता आता? जिथं तवा बोलायचं व्हतं, तिथं जाऊन बोला.”

मी पारावर गेले. दादा होता, प्रल्हादभाऊ होते, आणखी सात-आठ जण उद्याच्या तोरणाचं ठरवत होते. मी उभ्याने सांगितलं. बसले असते तर उठता आलं नसतं. झुलीत गोचीड होता, मी बघितला, मी गप्प राहिले, करसनभाईंचा काही संबंध नव्हता. मोठं भाषण झालं नाही. कोणी हसलं नाही, कोणी गोचीडबाई म्हणालं नाही. प्रल्हादभाऊ म्हणाले, “मंग तो माणूस उगाच गेला म्हना.” दादा माझ्याकडे न बघता उठला आणि घराकडे न जाता शेताकडे चालू लागला. मी बघत राहिले. केळीत शिरेपर्यंत त्याची पाठ दिसत होती.

घरी आले तेव्हा भाभीने मातीचे बैल ओळीने वाळत ठेवले होते.

“बोलल्या?”

“बोलले.”

“हे काय म्हने?”

“काही नाही. शेताकडे गेला.”

तिने मान हलवली. “बरं केलं,” ती म्हणाली. मला वाटलं, संपलं. मला हलकं वाटायला सुरुवातही झाली होती, इतकी मी निर्लज्ज. मी पाणी प्यायला उठले तेव्हा ती मागून म्हणाली, आवाज न चढवता, रोजच्या बोलण्यासारखंच,

“पोळ्याचं जाऊ द्या, ताई. गर्दी व्हती, माणसं व्हती. पण म्या फोन केला तवा त आपण दोघीच व्हतो. तवा बोलल्या असत्या, त ती वाचली असती ना?”

मी तांब्या खाली ठेवला. खोटं बोलता आलं असतं. गाई कधी कधी औषधानेही वाचत नाहीत, असं म्हणता आलं असतं, आणि तेही विज्ञानाच्या दृष्टीने खोटं ठरलं नसतं.

“हो,” मी म्हणाले. “वाचली असती.”